विश्लेषण : कुंडी भरली, पण फुले थांबली, दाटी झालेल्या झाडांचे विभाजन कधी आणि कसे करावे?

निशिगंध, सोनटक्का, कर्दळ, शेवंती, गवती चहा यांसारखी झाडे वर्षानुवर्षे जगतात आणि जमिनीखाली पसरत राहतात. मात्र ठरावीक काळाने त्यांची दाटी मोडून पुन्हा लागवड केली नाही, तर हीच जोमदार झाडे फुलेनाशी होतात. ती वेगळी कशी करायची, मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी चित्रफितींतील सल्ला महाराष्ट्रात का फसतो आणि इथले वेळापत्रक काय असावे, याविषयी…

नेमके काय घडते?

निशिगंधाचे तीन-चार चांगले कंद आणून कुंडीत लावले, की पहिल्या वर्षी त्यांना दांडे येतात. दुसऱ्या वर्षी दांड्यांची संख्या वाढते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र कुंडी गवतासारख्या हिरव्या पानांनी गच्च भरते आणि दांडा एखादाच दिसतो, तोही बारीक. खत कमी पडले असावे, असे समजून शेणखत, खताच्या गोळ्या, ताकाचे पाणी असे उपाय सुरू होतात. पाने आणखी हिरवीगार होतात, फुले येत नाहीत. अखेर ‘आता हे झाड संपले’ म्हणून कुंडी रिकामी केली जाते.

प्रत्यक्षात झाड संपलेले नसते. निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. फुलून गेल्यावर तो पुन्हा दांडा देत नाही; त्याच्या बाजूला तयार झालेले छोटे कंद मोठे होऊन पुढे फुलतात. एका कंदाभोवती अनेक छोटे कंद, त्यांच्याभोवती आणखी छोटे कंद, असे करत तीन-चार वर्षांत मूळच्या जागेत कंदांचा घट्ट गुच्छ तयार होतो. फुलण्यासाठी कंदाची जाडी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर तरी व्हावी लागते. दाटीत एवढे पोसण्याइतकी जागा आणि अन्न कोणालाच मिळत नाही. परिणामी, शंभर कंद असूनही फुलण्याजोगा एकही नाही, अशी स्थिती येते.

दाटीमुळे फुले कमी का होतात?

एकदा लावल्यावर अनेक वर्षे जगणाऱ्या वनस्पतींना बहुवर्षायू म्हणतात. त्यांतील अनेक जण जमिनीखालून विस्तार करतात. कर्दळ, सोनटक्का, हळद, आले यांचे खोड जमिनीत आडवे वाढते आणि त्यावरील डोळ्यांमधून नवे कोंब फुटतात. निशिगंध आणि लिली कंदांच्या बाजूला नवे कंद तयार करतात. शेवंतीच्या बुंध्याजवळून काश्या, म्हणजे मुळे धरलेले नवे फुटवे येतात. गवती चहाचा ठोंब दरवर्षी बाहेरच्या बाजूने रुंदावत जातो.

जमिनीत लावलेले झाड काही वर्षे बाजूला सरकत राहते. कुंडीत मात्र बाहेर जायला वाट नसते. मुळे कुंडीच्या कडेने गोल फिरू लागतात. मातीचे प्रमाण घटते आणि मुळांचे वाढते. पाणी मातीत मुरण्याऐवजी कडेने घसरून थेट खालच्या छिद्रातून बाहेर पडते. वरून रोज पाणी घातले जात असताना आतला गोळा कोरडाच राहू शकतो.

दुसरा परिणाम मध्यभागी दिसतो. गवती चहाच्या जुन्या ठोंबात कोवळी पाती कडेने असतात आणि मधला भाग वाळलेला, पोकळ झालेला असतो. सर्वांत जुना भाग तिथे असतो आणि तिथली मातीही सर्वाधिक वापरली गेलेली असते. तिसरा परिणाम रोगकिडींचा. दाट पानांत हवा खेळत नाही, ओल टिकून राहते. पिठ्या ढेकूण आणि बुरशी यांना अशी जागा सोयीची ठरते.

विभाजनाची वेळ झाली, हे कसे ओळखावे?

पाने भरपूर पण फुले दरवर्षी कमी, फुलांचा आकार लहान, पाणी घातल्यावर ते क्षणात बाहेर पडणे, छिद्रांतून मुळे डोकावणे, मधला भाग ओसाड होणे, कंद मातीच्या वर उचलले जाणे किंवा प्लास्टिकची कुंडी फुगून फाटणे ही ठळक लक्षणे आहेत. यातील दोन-तीन एकत्र दिसली, की झाड उपटून पाहायला हरकत नाही.

मात्र फुले न येण्याचे कारण प्रत्येक वेळी दाटी हेच असेल असे नाही. समोर नवी इमारत उभी राहिली आणि गॅलरीत येणारे ऊन कमी झाले, तरीही कर्दळ आणि निशिगंध फुलेनासे होतात. नत्रयुक्त खत जास्त झाले तर पाने वाढतात, फुले मागे पडतात. म्हणून कुदळ किंवा खुरपे हाती घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत : झाडाला पूर्वीइतके ऊन मिळते का आणि गेल्या काही महिन्यांत खत किती दिले गेले? ऊन पुरेसे आहे, खताचा अतिरेक नाही, तरी फुले नाहीत, तर दाटीची शक्यता सर्वाधिक असते.

कोणत्या झाडांचे विभाजन करता येते, कोणत्यांचे नाही?

ओळख सोपी आहे. जमिनीतून एकापेक्षा अधिक कोंब वर आलेले असतील आणि प्रत्येक कोंबाला स्वतःची मुळे किंवा कंदाचा तुकडा मिळू शकत असेल, तर ते झाड वेगळे करता येते. कर्दळ, सोनटक्का, निशिगंध, विविध लिली, शेवंती, जरबेरा, गवती चहा, अळू, पुदिना, कोरफड, स्नेक प्लांट, पीस लिली, नेचे ही झाडे या गटात येतात.

एकाच खोडावर उभे असलेले झाड मधोमध चिरले, तर ते मरते. जास्वंद, कण्हेर, अनंत यांच्यासाठी छाट कलम किंवा गुटी कलम हे मार्ग आहेत. रोपवाटिकेतून आणलेला गुलाब बहुतेकदा दुसऱ्या जातीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. त्याच्या बुंध्यापासून आलेला फुटवा वेगळा करून लावला, तर वरच्या गुलाबाऐवजी खालचा खुंटच वाढण्याची शक्यता असते. सदाफुली, तुळस ही झाडे बियांपासून किंवा फांदीच्या तुकड्यापासून करणे सोपे पडते.

डेलियाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. बटाट्याच्या कोणत्याही डोळ्यापासून रोप येते, म्हणून डेलियाचा सुटा कंदही लावला जातो. पण डेलियाचे डोळे कंदावर नसतात. ते कंद आणि जुने खोड जिथे जुळतात त्या मानेवर असतात. मानेचा तुकडा सोबत नसेल, तर कंद कितीही टणक असला तरी त्यातून कोंब येत नाही.

परदेशी चित्रफितींतील सल्ला इथे का फसतो?

बागकामाच्या इंग्रजी चित्रफितींत आणि पुस्तकांत एक नियम सर्रास सांगितला जातो : वसंतात फुलणारी झाडे शरद ऋतूत वेगळी करा आणि शरदात फुलणारी वसंतात. ब्रिटन किंवा उत्तर अमेरिकेत तो योग्य आहे. तिथे झाडाची खरी परीक्षा हिवाळ्यात असते. जमीन गोठण्यापूर्वी मुळे धरली पाहिजेत किंवा गोठलेली जमीन मोकळी झाल्यावर लागवड झाली पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे.

महाराष्ट्रात हिशेब वेगळा आहे. इथे झाडाची परीक्षा उन्हाळ्यात होते. ‘स्प्रिंग’ म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पीस लिली किंवा नेचे वेगळे केले, तर तुटलेल्या मुळांची जखम भरण्याआधीच उन्हाचा तडाखा बसतो. पुण्यात एप्रिलमध्ये पारा अनेकदा ३८ ते ४० अंशांवर जातो, तर विदर्भात मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. ‘ऑटम’ म्हणजे ऑक्टोबर असे धरले, तर इथे त्या वेळी ऑक्टोबर हीट सुरू असते.

त्या नियमामागचे तत्त्व मात्र इथेही लागू पडते. झाड फुलांवर असताना त्याला हात लावू नये. फुलून झाल्यावर किंवा सुप्तावस्थेत असताना ते वेगळे करावे आणि नवी मुळे फुटतील तेव्हा हवेत व मातीत पुरेसा ओलावा असावा. महाराष्ट्रात हा ओलावा मोसमी पाऊस देतो. त्यामुळे इथले वेळापत्रक पावसाभोवती आखावे लागते.

मग महाराष्ट्रातील वेळापत्रक काय असावे?

सोनटक्का : पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे गौरी-गणपतीच्या सुमारास त्याला बहर येतो. थंडीत पाने पिवळी पडतात. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत गड्डे काढून वेगळे करावेत. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार डोळे ठेवले, तर त्याच वर्षी फुले मिळण्याची शक्यता जास्त असते. एका डोळ्याचा तुकडा जगतो, पण फुलण्यासाठी त्याला बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

कर्दळ : अतिशय सोशिक. पावसाची सुरुवात ही उत्तम वेळ. दोन डोळ्यांचा तुकडा पुरतो. कर्दळीचा एक दांडा फुलून गेल्यावर पुन्हा बहरत नाही, त्यामुळे तो जमिनीलगत कापावा.

निशिगंध : थंडीत वाढ मंदावते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तोडून पाने वाळू द्यावीत, कंद काढून सुटे करावेत, तीन-चार आठवडे सावलीत पसरून ठेवावेत आणि एप्रिल-मेमध्ये लावावेत. मोठे कंद फुलांसाठी आणि बारीक कंद वाढवण्यासाठी, अशा वेगळ्या कुंड्या कराव्यात.

शेवंती : रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळ्या धरते, म्हणून तिचा बहर दिवाळीच्या आगेमागे आणि थंडीत असतो. बहर संपल्यावर झाड जमिनीपासून बोटभर उंचीवर छाटावे. काही आठवड्यांत बुंध्याभोवती काश्या येतात. त्या मुळांसह वेगळ्या करून उन्हाळाभर अर्धवट सावलीत जपाव्यात. जुने, लाकडासारखे झालेले खोड ठेवू नये.

गवती चहा : जूनमध्ये ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. पाती वितभर ठेवून वरची कापावीत. ती चहात वापरता येतात. मधला वाळलेला भाग काढून टाकावा.

फुटबॉल लिली : मेमध्ये, वळवाच्या पावसाच्या सुमारास चेंडूसारखे लाल फूल येते आणि मग पाने वाढतात. थंडीत पाने सुकल्यानंतर कंद काढता येतात. मात्र तिला वारंवार हलवलेले सोसत नाही. चार-पाच वर्षांतून एकदा पुरे.

स्पायडर लिली, पीस लिली, नेचे : पावसाळ्याची सुरुवात किंवा सप्टेंबर. एप्रिल-मे टाळावा. स्नेक प्लांट आणि कोरफड यांच्यासाठी मात्र संततधार संपल्यानंतरची कोरडी उघडीप अधिक सुरक्षित, कारण त्यांच्या मांसल भागाला ओलावा सोसत नाही.

प्रदेशानुसार थोडा बदल करावा लागतो. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. कोकणात जुलैमध्ये दिवसचे दिवस पाऊस थांबत नाही आणि ताज्या जखमा कुजतात. तिथे मेच्या अखेरीस काम उरकावे किंवा सप्टेंबरपर्यंत थांबावे. मराठवाडा आणि विदर्भात पहिल्या सरीने हुरळून जाऊ नये. पाऊस स्थिरावल्यावर लागवड केली, तर मधल्या उघडिपीत रोपे होरपळत नाहीत.

प्रत्यक्ष विभाजन कसे करावे?

आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्यावे. ओला गोळा अखंड निघतो आणि मुळे कमी तुटतात. फक्त सुप्तावस्थेतील कंद कोरड्या मातीतून काढावेत. काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावे. नवी माती, नव्या कुंड्या आणि पाणी आधीच तयार ठेवावे. उघडी मुळे उन्हात पडून राहिली, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

कुंडी आडवी करून कडेने थोपटावी आणि गोळा बाहेर काढावा. झाडाला पानांनी धरून ओढू नये. माती झटकल्यावर किंवा बादलीतल्या पाण्यात हलवल्यावर झाड कुठे आपोआप सुटते ते दिसते. निशिगंध, लिली, शेवंती हाताने सुटतात. कर्दळ आणि सोनटक्क्याचे गड्डे धारदार सुरीने कापावे लागतात. गवती चहाच्या जुन्या ठोंबाला कोयता किंवा कुदळच लागते.

सुरी आधी स्पिरिटने पुसावी आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसावी. कुजलेला, मऊ झालेला, वास येणारा भाग निर्दयपणे काढून टाकावा. अगदी लहान तुकडे करण्याचा मोह टाळावा. एका कुंडीतून वीस रोपे करण्यापेक्षा चार-पाच सशक्त रोपे केली, तर ती लवकर फुलतात.

गड्डे आणि मांसल कंद कापल्यावर जखमेला कोळशाची भुकटी किंवा बुरशीनाशक लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत. शेवंती, पीस लिली, नेचे यांसारख्या तंतुमुळे असलेल्या झाडांना मात्र सुकवू नये. ती लगेच लावावीत. लावताना झाड पूर्वी ज्या खोलीवर होते त्याच खोलीवर ठेवावे. बुंधा मातीत गाडला गेला, तर तो कुजतो.

पीस लिली किंवा अळू हाताळताना हाताला खाज सुटते. या वनस्पतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हातमोजे घालावेत आणि तुकडे लहान मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावेत.

मुळे तुटल्यावर झाड जगते कसे?

पाणी शोषण्याचे बहुतेक काम मुळांच्या टोकाजवळचे सूक्ष्म केस करतात आणि झाड उपटताना नेमके तेच तुटतात. पाने मात्र पाण्याची वाफ सोडतच राहतात. आवक थांबली आणि जावक सुरू राहिली, की झाड मान टाकते. म्हणूनच विभाजनानंतर पाने एक तृतीयांश ते निम्मी कापली जातात आणि रोप आठ-दहा दिवस सावलीत ठेवले जाते.

अशा वेळी झाड सुकलेले पाहून रोज भरपूर पाणी घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मुळेच कमी असल्याने ते पाणी शोषले जात नाही, माती चिकट होते आणि जखमा कुजतात. पहिल्या दिवशी एकदा व्यवस्थित पाणी द्यावे. त्यानंतर वरची माती बोटभर कोरडी झाल्यावरच द्यावे. पानांवर पाण्याचा फवारा मारला तरी चालतो.

खताची घाईही नको. ताज्या मुळांना तीव्र खत सोसत नाही. लागवडीच्या मातीत कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळले असेल, तर पहिले तीन-चार आठवडे आणखी काही देण्याची गरज नसते. नवे पान दिसले, की मुळे धरली असे समजावे. त्यानंतर हळूहळू उन्हात न्यावे.

दुसऱ्या बाजूला, कापण्याने झाडाला चालनाही मिळते. आडव्या गड्ड्याच्या टोकाचा डोळा वाढत असतो तोवर त्यातून येणारी संप्रेरके मागच्या डोळ्यांना रोखून धरतात. तुकडा वेगळा झाला, की हा दाब जातो आणि वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेले डोळेही फुटतात.

दाटी आवडणारी झाडे कोणती?

प्रत्येक भरलेली कुंडी मोडायची नसते. पावसाच्या सरींनंतर गुलाबी किंवा पांढरी फुले देणारी रेन लिली थोड्या दाटीतच छान फुलते. अ‍ॅमरिलिसला मोठी कुंडी दिली, तर ती आधी मुळे आणि पाने वाढवते, फुले लांबतात. स्पायडर प्लांटही मुळांनी भरलेल्या कुंडीत लोंबत्या दांड्यांवर पिल्ले जास्त देते. यांना वाढ पूर्ण थांबली किंवा कुंडी फुटायला आली, तरच हात लावावा.

विभाजन हाच योग्य मार्ग ठरतो, असेही एक उदाहरण आहे. पानांना पिवळी कड असलेल्या स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडा लावून रोप केले, तर नव्या रोपाची कड नाहीशी होते आणि पाने साधी हिरवी येतात. पिवळी कड टिकवायची असेल, तर गड्ड्यासह फुटवाच वेगळा करावा लागतो.

शेतीत हे तंत्र कसे वापरले जाते?

बागेतील ही कृती शेतकऱ्यांसाठी नवी नाही. सांगली, हिंगोली भागातील हळद पूर्णपणे याच तत्त्वावर उभी आहे. पीक काढल्यावर जेठा गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगळी केली जातात. बेण्यासाठी निवडलेले गड्डे सावलीत साठवतात आणि सुप्तावस्था संपून डोळे फुगल्यावर, अक्षय तृतीयेपासून पुढे लागवड सुरू होते. त्याआधी बेणेप्रक्रिया केली जाते, कारण कंदकुजीची सुरुवात अनेकदा बेण्यातूनच होते.

जळगावच्या केळीतही पूर्वी सगळी लागवड मुनव्यांपासून होत असे. बुंध्याजवळ येणाऱ्या मुनव्यांपैकी तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेले मुनवे निवडावेत, रुंद पानांचे टाळावेत, हा जाणत्या शेतकऱ्यांचा नियम आहे. अरुंद पानांच्या मुनव्याचा गड्डा भक्कम असतो. मात्र रोगट बागेतून आणलेल्या मुनव्यांबरोबर पर्णगुच्छासारखा विषाणूजन्य रोगही नव्या शेतात जातो. ऊतिसंवर्धित रोपांकडे शेतकरी वळण्यामागे एकसारखी वाढ आणि रोगमुक्त लागवड ही दोन्ही कारणे आहेत.

शेजाऱ्याला रोप देताना काय पाहावे?

शेतीतील हा धडा गॅलरीलाही लागू पडतो. विभाजनातून मिळालेले रोप हुबेहूब मूळ झाडासारखे असते. फुलाचा रंग, वास, उंची सगळे तेच. त्याचबरोबर मूळ झाडाला झालेला विषाणूजन्य रोगही तोच. शिवाय मुळांना चिकटलेल्या मातीतून सूत्रकृमी, पिठ्या ढेकूण आणि बुरशी प्रवास करतात.

त्यामुळे कोणाकडून ठोंब किंवा कंद मिळाला, तर माती धुऊन मुळे पाहावीत. मुळांवर गाठी असतील, तर सूत्रकृमींची शक्यता असते. असे रोप लावू नये. पानांवर फिकट-गडद चट्टे किंवा विचित्र चुरगळलेली वाढ दिसत असेल, तर ते झाड वाटूही नये आणि घेऊही नये. नवे रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवण्याची सवय चांगली. हे सारे अवघड वाटले, तरी एका पिठ्या ढेकणाने भरलेल्या रोपामुळे सगळी गॅलरी साफ करावी लागण्यापेक्षा सोपे आहे.

उरलेल्या रोपांचे काय करावे?

विभाजनात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते या प्रश्नाकडे. चार कुंड्या भरल्या, शेजाऱ्यांना दिले, तरी टोपलीभर गड्डे उरतात. ते ओढ्याकाठी, टेकडीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर ‘जगतील तर जगतील’ म्हणून टाकले जातात. जोमदार झाडे खरोखरच जगतात आणि अडचण तिथून सुरू होते.

पिवळ्या फुलांचा वेडेलिया शोभेसाठी आणि जमीन झाकण्यासाठी लावला जातो. त्याच्या खोडाचा पेराएवढा तुकडाही ओलसर जागी मुळे धरतो. जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे. त्याच यादीत जलपर्णीही आहे. दक्षिण अमेरिकेतून सुंदर जांभळ्या फुलांसाठी जगभर नेलेली ही वनस्पती आज महाराष्ट्रातील अनेक नद्या आणि तलाव झाकून टाकते. तिचे पसरणेही मुख्यतः याच पद्धतीने होते; एका रोपातून आडवा दांडा निघतो, त्याच्या टोकाला दुसरे रोप तयार होते आणि दांडा तुटला की ते वेगळे होते.

मराठी घरांत लाडका असलेला सोनटक्काही याला अपवाद नाही. मूळचा पूर्व हिमालयाच्या परिसरातील हा सुगंधी गड्डा क्युबाचे राष्ट्रीय फूल आहे; तर हवाई आणि ब्राझीलमध्ये तो ओढ्याकाठच्या स्थानिक वनस्पतींची जागा बळकावणारा उपद्रवी ठरला आहे. झाड तेच, फक्त ते कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली वाढते, यावर सारे ठरते.

त्यामुळे उरलेले निरोगी गड्डे सोसायटीच्या बागेत, शाळेत किंवा ओळखीच्या रोपवाटिकेत द्यावेत. कोणी घेतले नाहीत, तर बारीक चिरून उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच कंपोस्टमध्ये टाकावेत. रोगट भाग कंपोस्टमध्येही टाकू नयेत. पाणवनस्पतींचे उरलेले तुकडे तर नाल्यात किंवा तळ्यात कधीच सोडू नयेत.

पहिल्या वर्षी काय अपेक्षा ठेवावी?

विभाजनानंतर लगेच बहर येईल, असे नाही. कर्दळ आणि शेवंती त्याच हंगामात फुलतात. सोनटक्का आणि निशिगंध तुकड्याच्या आकारानुसार वेळ घेतात. फुटबॉल लिली एखादे वर्ष नुसती पाने देऊ शकते. या काळात झाड मुळे पसरवत असते. ‘अजून फूल नाही’ म्हणून ते पुन्हा उपटून पाहिले, तर सगळी उजळणी सुरुवातीपासून होते.

सावधगिरी म्हणून पहिल्यांदा विभाजन करताना सगळी कुंडी एकाच दिवशी मोडू नये. निम्मा गोळा तसाच ठेवावा आणि निम्मा वेगळा करावा. प्रत्येक कुंडीवर विभाजनाचा महिना आणि वर्ष लिहिलेली पट्टी लावावी. तीन वर्षांनी निशिगंधाची पाने पुन्हा गच्च दिसू लागली, की खत शोधण्याआधी त्या पट्टीवरची तारीख पाहता येते.